पाथेय : गडावर निघालेल्या मुलांची तयारी

वाशीम येथील एका वाचकभगिनींचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांचा मुलगा व थोरल्या दिरांची मुलगी अशी दोघे पुण्यास शिकावयास आहेत. कॉलेजातील स्नेह्यांसमवेत मार्गशीर्षात हरिश्चंद्रगडास जावयाचे, आणि तेही नळीच्या वाटेने, असा त्यांचा बेत ठरला असून घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. सासूबाईंचे म्हणणे, आपल्या घराण्यात असले धंदे कोणी केले नाहीत. धाकट्या दिरांनी तर उत्साहाच्या भरात दोन तंबू, दोन जोड भारी बूट व पुष्कळसे चकचकीत सामान एका दिवसात घरी आणून टाकिले. मामंजींनी मध्यम मार्ग काढिला आहे : मुलाने जावे, मुलीने राहावे. आता आपण काय सांगता, असे बाईंनी विचारिले आहे.

पूर्वी कोणी केले नाही, या आक्षेपाचा निकाल लवकर लागण्यासारखा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसमवेत दक्षिणेच्या आशेने घरून निघाले, झाशीच्या धामधुमीत सापडले, वाटेत लुटले गेले, आणि तरीही गंगेची कावड आईवडिलांसाठी घरी घेऊन आले. ती हकीकत भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली छापविली. आपल्या वाडवडिलांनी काशी-रामेश्वर पायी केले, ते काय गादीवर लोळत केले? तेव्हा साहस आपल्या घरांस नवे नाही. नवे आहे ते इतकेच की, त्या काळी निघण्यापूर्वी सहा महिने वाटेची चौकशी होत असे आणि सामान निघतेवेळी एका वळकटीत बांधले जाई. हल्ली सामानाची खरेदी सहा महिने चालते आणि वाटेची चौकशी मोटारीत बसल्यावर सुरू होते.

कालिदासाच्या यक्षाकडे पाहावे. रामगिरी म्हणजे आपल्या विदर्भातील रामटेकच, असे पुष्कळ विद्वान मानितात. पत्नीच्या विरहाने व्याकुळ झालेला तो यक्ष मेघास निरोप सांगण्याची घाई करीत नाही. आधी वाट सांगतो. रेवा कोठे लागेल, वेत्रवतीचे पाणी कोठे प्यावयाचे, दमलास तर कोणत्या शिखरावर टेकावयाचे, कोठे बरसून हलके व्हावयाचे, उज्जयिनीची वाट वाकडी असली तरी का सोडावयाची नाही, हे सर्व क्रमाने सांगून झाल्यावर मग अलकेचे वर्णन आणि निरोप. पूर्वमेघाइतके नीटस प्रवासाचे टिपण आम्ही तरी दुसरे पाहिले नाही. वर्गात शिकविताना आमचे लक्ष अलंकारांकडेच असावयाचे, परंतु मुलांना त्यातला भूगोल अधिक आवडे, आणि मुलांचेच खरे होते असे आता वाटते.

दुसरे उदाहरण आम्हां केनवडकरांच्या अगदी शेजारचे आहे. शेगावहून पंढरपुरास जाणारी श्रीगजानन महाराजांची पालखी दरसाल आमच्या रिसोडावरून जाते. सातशेहून अधिक किलोमीटरांची वाट, सुमारे महिनाभराची चाल आणि शेकडो माणसे. ज्येष्ठाचे ऊन संपते तो पाऊस गाठतो. इतके असूनही गडबड कशी ती दिसत नाही, कारण आजचा मुक्काम कोठे, दुपारची विश्रांती कोठे, पाणी कोण देणार, आजारी पडल्यास कोण पाहणार, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असते. कोणी एकटा पुढे धावत नाही, कोणी एकटा मागे राहत नाही. पायांत साधीच पादत्राणे असतात. आमच्या पत्रलेखिकेच्या दिरांनी आणिलेले बूट पाहून त्या वारकऱ्यांस कौतुकच वाटेल!

आता गडाकडे येऊ. हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात असून त्याची उंची सुमारे १४२४ मीटर आहे. माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन देऊळ, केदारेश्वराची गुहा आणि पश्चिमेस कोकणात कोसळणारा तो प्रसिद्ध कोकणकडा. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ येथेच रचिल्याचे सांगतात. वर जाण्याच्या वाटा अनेक आहेत, त्यांपैकी तीन मुख्य. पाचनई गावाहून जाणारी सर्वांत सोपी, दोन-तीन तासांची. जुन्नराकडून खिरेश्वर व तोलार खिंडीवरून येणारी लांब, तिला पाच-सहा तास लागतात. तिसरी कोकणातल्या बेलपाड्याहून नळीतून चढणारी. ही वाट म्हणावयाची एवढेच. दगडधोंड्यांनी भरलेल्या घळीतून दिवसभर चढावयाचे, मध्ये दोराशिवाय न निभणारे कातळटप्पे, आणि अर्ध्यातून परत फिरणे हे चढण्याइतकेच कठीण. ज्यांनी पूर्वी एकही गड पाहिला नाही त्यांनी पहिल्याच खेपेस नळीची वाट धरणे म्हणजे धातुरूपे पाठ नसता एकदम भाष्य वाचावयास घेणे होय.

बेत तपासावयास बसले म्हणजे वडील माणसांनी मुलांस खर्च किती हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे ते हे की, परत कधी फिरणार? मार्गशीर्षात सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो. त्याच दिवशी खाली यावयाचे असेल तर कोठेही पोहोचलेले असा, दुपारी दोन वाजता तोंड फिरवावयाचे, हा करार निघण्यापूर्वी सर्वांसमक्ष व्हावा. शिखर अर्ध्या तासावर आहे, एवढे पाहून येऊ, या शब्दांनी सह्याद्रीत जितके लोक अंधारात अडकले तितके दुसऱ्या कशाने अडकले नसतील. दुसरा प्रश्न पाण्याचा. प्रत्येकाने निघतेवेळी तीन लिटर पाणी पाठीवर घ्यावे. गडावर टाकी आहेत, परंतु कोणते पाणी पिण्याचे हे गावकऱ्यांस विचारून घ्यावे व उकळून किंवा औषध टाकून प्यावे. केदारेश्वराच्या गुहेतील पाणी दर्शनाचे, तांब्यात भरण्याचे नव्हे. तिसरा प्रश्न : आपण कोणत्या वाटेने जाणार व केव्हा उतरणार हे लिहून घरी कोणापाशी ठेविले आहे काय? हा कागद दिराच्या तंबूहून मोलाचा आहे. ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून ११२ क्रमांकावर कळवावयाचे, तेही त्यावर लिहावे, म्हणजे घरी सासूबाईंनी आठ वाजल्यापासून देव पाण्यात घालून बसावयास नको. शोध घेणारी मंडळी बहुधा गिर्यारोहण संस्थांतील स्वयंसेवक असतात. त्यांस पोहोचावयास कित्येक तास लागतात, म्हणून माहिती नेमकी हवी.

सामानाविषयी आमचा आग्रह वजनाचा आहे. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होता कामा नये. पन्नास किलोच्या मुलीस दहा किलो ही परमावधी, आणि त्यातले तीन किलो पाणीच झाले. पाचनईच्या बाजूस राहण्याची सोय गावात होत असता दोन तंबू कशास पाहिजेत? शिवाय हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वर मुक्काम करण्याविषयी वनखात्याचे नियम काय आहेत ते आधी विचारावे, आणि शेकोटी तर मुळीच पेटवू नये. बूट नवे असोत की जुने, महिनाभर रोज दोन कोस चालून पायास सवय झालेले असावेत. नवे बूट थेट गडावर घातले की पहिल्या तासात टाचेस फोड येतो आणि मग सगळ्या मंडळींची चाल त्या एका फोडाच्या चालीने होते. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत निराळा ठेवावा.

कपड्यांत एक गोष्ट आपल्या घरांस पटावयास जड जाते. सुती कपडा आपल्याला पवित्र, परंतु घामाने भिजलेला सुती सदरा माथ्यावरच्या वाऱ्यात अंगातली ऊब शोषून घेतो व लवकर वाळत नाही. तेथे लोकरीचा स्वेटर व झटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा सदराच बरा. डोक्याला बांधावयाची विजेरी प्रत्येकाची स्वतंत्र हवी, हातात धरावयाची नको, कारण उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. तिचे जादा सेल जवळ असावेत. मोबाइलला विजेरी समजणे हा मोठा भ्रम आहे. दरीत त्यास आवाज पोहोचत नाही, तो सारखा शोधीत राहून दुपारीच मरतो. नकाशा आधी उतरवून घ्यावा व यंत्र निद्रिस्त ठेवावे. चार आण्यांची म्हणावी अशी एक शिट्टी गळ्यात असू द्यावी. एका मिनिटात सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबावयाचे व पुन्हा वाजवावयाचे, हा संकटाचा इशारा जगभर मान्य आहे. उत्तर तीन शिट्ट्यांनी येते.

औषधांच्या पेटीत मलमपट्टी, तापाची गोळी, ज्याचे त्याचे नेहमीचे औषध, आणि मीठ-साखरेचे पाणी करण्याचे साहित्य : एक लिटर पाण्यास सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. साप चावल्यास जखम चिरणे, चोखणे, दोरीने आवळणे यांपैकी काहीही करू नये. अवयव न हालविता रुग्णालयात न्यावे, मंत्रतंत्रात घटकाही घालवू नये. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, तेथे अत्तर, धूर व आरडाओरडा वर्ज्य.

पावसाळ्याविषयी एवढेच लिहितो की, वऱ्हाडातल्या मुलांस काळ्या चिखलाची सवय असते, शेवाळलेल्या कातळाची नसते. धबधब्याचे पाणी वर कोठे तरी झालेल्या पावसाने क्षणात वाढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. ते काही साहसास निघाले नव्हते, सहलीस गेले होते. पहिली वारी मार्गशीर्ष-पौषातलीच असावी, हे मुलांनी योग्य ठरविले आहे.

हिमालयाचा विषय पत्रात ओझरता आला आहे. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर पोहोचले तेव्हापासून महाराष्ट्रातल्या मुलांस ते शिखर परके राहिले नाही, हे उत्तम झाले. पण तेथे अडचण पायांची नसून हवेची आहे. तीन हजार मीटरांच्या वर निजण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये. डोके दुखून वांती होऊ लागली वा तोल जाऊ लागला तर औषधाची वाट न पाहता खाली उतरावे. सह्याद्रीत दोनचार वर्षे पाय मुरल्याखेरीज तो विचार नको.

ज्या संस्थेबरोबर जावयाचे तिची चौकशी करण्यास संकोच धरू नये. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण काढून अशा संस्थांस पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली आहे. नोंदणी आहे काय, म्होरक्या शिकलेला आहे काय, किती माणसांमागे एक, हे विचारावे. उत्तर देताना जो हसतो त्याच्याबरोबर मुले पाठवू नयेत.

पाचनई हे महादेव कोळ्यांचे गाव. तेथे घराघरांतून पिठले-भाकरी मिळते. आमच्या लहानपणी प्रवासास निघालेला ब्राह्मण आपला तांब्या, आपला शिधा आणि आपली चूल बरोबर वाहत असे, तहानेने जीव गेला तरी वाटेतल्या घरचे पाणी घेत नसे. ते ओझे पाठीवरून उतरले हे फार चांगले झाले. ज्या माणसांस डोंगर ठाऊक आहे त्यांच्या ओट्यावर बसून जेवल्याखेरीज डोंगर कळत नाही. वाटाड्या तेथूनच घ्यावा, त्याचे पैसे आधी ठरवावे व घासाघीस करू नये. त्याने ‘आज पुढे नको’ म्हटले तर तो शब्द शेवटचा मानावा, मग मंडळीत कोणी इंजिनियर असो की डॉक्टर.

राहिला मामंजींचा मध्यम मार्ग. आम्ही त्यांच्याच वयाचे आहोत, त्यामुळे त्यांची काळजी आम्हांस समजते. परंतु वर जे लिहिले त्यांपैकी एक तरी गोष्ट मुलास लागू व मुलीस नाही अशी आहे काय? कडा कोणाचे नाव विचारीत नाही. मुक्कामाची जागा, सोबत आणि म्होरक्या यांविषयी खात्री पटत नसेल तर दोघांनीही जाऊ नये. पटत असेल तर दोघांनीही जावे. मुलीस मागे ठेवून मुलास मात्र अपुऱ्या तयारीने पाठविणे, यात तर मुलाचीही काळजी घेतली असे होत नाही.

तेव्हा बाईंस आमचे उत्तर असे की, नळीची वाट यंदा नको, पाचनईची धरावी. दोघांनी तोवर पुण्यातल्या पुण्यात सिंहगड चारदा, पाठीवर ओझे घेऊन, चढून यावा. तंबू दुकानदार परत घेत असेल तर द्यावेत व त्या पैशांत दोन चांगल्या विजेऱ्या आणाव्यात. बूट आजपासून घालावयास लावावेत. सासूबाईंच्या हाती परतीच्या वेळेचा तो कागद द्यावा, म्हणजे त्याही या बेतात सामील होतील. आणि शिदोरी त्यांनीच करावी : गुळाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर. चिवडा व लोणचे नको, त्यांनी तहान वाढते.