प्रसिद्धी कुणाची, जोखीम कुणाची?



महिला संघटनेची बैठक नाशिक शहरात असो की सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावात, एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आपलं काम लोकांपर्यंत पोचत नाही, फेसबुकवर टाकायला हवं.’ मग एखादी तरुण कार्यकर्ती पुढे होते, फोटो निघतात, दोन ओळी लिहिल्या जातात आणि विषय संपतो. खरं म्हणजे तो तिथे सुरू व्हायला हवा. कारण बाईचं नाव, तिचा चेहरा आणि तिचं मत चारचौघांत मांडणं हा आपल्या समाजात कधीच साधा व्यवहार नव्हता.

स्त्री-चळवळीला प्रसिद्धीचं वावडं नाही. मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते पत्र हातोहात फिरलं. त्यातून मोर्चे निघाले, १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पण ज्या आदिवासी मुलीवर देसाईगंजच्या पोलीस चौकीत अत्याचार झाला, तिच्या नावाने तो खटला कायमचा ओळखला गेला. त्याच १९८३ च्या दुरुस्तीने बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं गुन्हा ठरवलं, हे विसरता येणार नाही. प्रसिद्धीने चळवळ उभी राहते आणि प्रसिद्धीची किंमत एकटी बाईही मोजते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

इंटरनेट आलं तेव्हा आशा वाटावी असंच ते होतं. पत्रक काढायचं तर कागद, छपाई, पैसे लागत. वर्तमानपत्रात बातमी यायची तर संपादकाची मर्जी लागे. ब्लॉगला यातलं काही लागत नव्हतं. २००३ मध्ये बंगळुरात जस्मीन पाथेजा यांनी ‘ब्लँक नॉइज’ सुरू केलं आणि पुढे ब्लॉगच्या माध्यमातून शेकडो जणींनी रस्त्यावरच्या छेडछाडीविषयी स्वतःच्या शब्दांत लिहिलं. जे आजवर घरातही बोललं जात नव्हतं ते जाहीरपणे लिहिलं गेलं. २००९ च्या जानेवारीत मंगळूरच्या पबमध्ये श्रीराम सेनेच्या लोकांनी मुलींना मारहाण केली, तेव्हा फेसबुकवरून ‘गुलाबी चड्डी’ मोहीम निघाली आणि काही दिवसांत हजारो लोक तिच्यात आले. पबमध्ये जाणाऱ्या मुलींचा प्रश्न हा आपला प्रश्न आहे का, असा वाद तेव्हा झाला. तो होणं योग्यच होतं. पण बाईने कुठे जायचं हे ठरवणारा हात पबमध्येही तोच असतो आणि बाजार समितीच्या फाटकाशीही तोच.

मग आलं पालघर. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशीच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली. दोघींना जामीन मिळाला, पुढे खटलाही बंद झाला, अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. पण तोवर मुलीने माफी मागितली होती आणि आपलं खातं बंद केलं होतं. म्हणजे व्हायचं ते होऊन गेलं होतं. अटकेमागे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम होतं. त्याविरुद्ध श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरीही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले, इतके की २०२१ मध्ये न्यायालयाला त्यावर धक्का व्यक्त करावा लागला. न्यायालयात जिंकलेली लढाई पोलीस ठाण्यापर्यंत पोचायला किती वर्षं लागतात ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

पालघरचा धडा मला असा दिसतो: मत देणाऱ्या बाईपर्यंत जमाव पोचतो तो तिच्या घराच्या पत्त्यावर. शहरातली मुलगी निदान दुसरीकडे राहायला जाऊ शकते. गावातली बाई कुठे जाणार? सायखेड्याच्या परिसरात कांद्याच्या खळ्यावर निवडणीला बसणारी बाई व्यापाऱ्याविरुद्ध मजुरीबद्दल बोलली आणि तिचा व्हिडिओ फिरला, तर आपल्याला वाहवा मिळेल. पण दुसऱ्या दिवशी खळ्यावर तिला बोलावलं जाईल का?

आणि हा फोन आहे तरी कुणाच्या हातात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशातल्या ग्रामीण भागात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया होत्या २४.६ टक्के, पुरुष ४८.७ टक्के. त्यानंतर फोन वाढले आहेत, पण घरात एक फोन असला तर तो कुणाच्या खिशात असतो हे सांगायला पाहणी लागत नाही. लिलावाचा भाव त्याच्यावर येतो, बचत गटाचा निरोपही त्याच्यावर येतो. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. तरी सरपंचबाईच्या नावाचं पान नवरा किंवा दीर चालवतो आणि तिचा हात जोडलेला फोटो तेवढा दिसतो, असं किती गावांत चालतं ते आठवून पाहा. ती दिसते, पण बोलते का?

हाच प्रकार मदतीच्या फोटोंचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी सायखेडा-चांदोरीत शिरलं, त्याच सुमारास कोल्हापूर-सांगलीत महापूर आला. तिथे धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या फोटोंची स्टिकरं लागली आणि त्यावर राज्यभर टीका झाली. टीका रास्तच. पण शिलाई मशीन घेताना मान खाली घातलेल्या विधवेचा फोटो संघटनेच्या पानावर चढतो, तेव्हा त्या स्टिकरात आणि या फोटोत फरक किती? देणगीदाराला पुरावा हवा असेल तर पावती आहे, हिशेब आहे. बाईचा चेहरा ही पावती नव्हे.

अत्याचाराच्या प्रकरणात तर कायदाच स्पष्ट आहे. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ झालं. २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने समाजमाध्यमांचाही उल्लेख केला आणि नाव न देता ओळख पटेल असा तपशील देणंही निषिद्ध ठरवलं. ‘अमुक गावची, अमुक वस्तीवरची, अमक्या शाळेतली’ एवढं लिहिलं की तालुक्याला नाव कळतं. न्याय मागणाऱ्या श्रद्धांजलीच्या फलकालाही हे लागू आहे.

आणखी एक. ही जागा आपल्या मालकीची नाही. ‘गुलाबी चड्डी’च्या फेसबुक गटात घुसखोरी झाली आणि शेवटी फेसबुकने तोच बंद केला. २००४ मध्ये सुरू झालेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं, तिथले संवादही गेले. उलट पन्नास वर्षांपूर्वीचं सायक्लोस्टाइल पत्रक आजही कुणाच्या तरी ट्रंकेत सापडतं.

म्हणून फेसबुक सोडा असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक गटाने बसून काही गोष्टी ठरवाव्यात. फोटो आणि मजकूर बाईला दाखवून, वाचून दाखवून मगच बाहेर जावा, आणि तिने उद्या ‘काढा’ म्हटलं तर कारण न विचारता काढावा. मजुरी, जमीन, मारहाण अशा विषयांवर एकटी बाई पुढे न करता संघटनेच्या नावाने बोलावं. धमकी आली तर पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर कोण जाणार, हे आधीच ठरलेलं असावं. पान चालवायला गावातल्याच दोघीतिघी शिकाव्यात, पासवर्ड कुणा दादाकडे नसावा. आणि जे महत्त्वाचं ते कागदावरही असावं.

किती जणींनी पाहिलं हे मोजणं सोपं आहे. ज्या बाईविषयी लिहिलं, ती पुढच्या बैठकीला आली का, हेही मोजू या.