'अ‍ॅक्सेस डिनाइड' आणि आपली फॉरमॅटची खाज

मागच्या सेमिस्टरला, सबमिशनला आठ दिवस उरले असताना, माझ्या रूम पार्टनरने स्वतःच्या हाताने स्वतःचा फायनल इयर प्रोजेक्ट उडवला. व्हायरस नाही, हार्ड डिस्क गेली असंही नाही. लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात, एवढंच त्याचं दुखणं होतं. कुणीतरी सांगितलं, सर्व्हिसेसमध्ये जाऊन अ‍ॅन्टिव्हायरसची सर्व्हिस डिसेबल कर, मशीन सुसाट पळेल. तो गेला आणि समोर पाटी आली: 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड'.

झालं! आपल्या विंगमध्ये कुणाचं मशीन आजारी पडलं की दहा डॉक्टर जमतात. मेसवरून परतणारा प्रत्येक जण दारातून डोकावून औषध सांगून गेला. एक म्हणे यूएसी बंद कर, दुसरा म्हणे 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाक. रात्री एक वाजता एकमत झालं, फॉरमॅट मार. आणि मारताना पार्टिशन चुकलं. तीन महिन्यांचा कोड आणि अर्धा रिपोर्ट गेला. बॅकअप? हसू नका, तुमच्याकडे तरी आहे का?

"मार रे, वीस मिनिटांचं काम आहे" असं म्हणणारा मीच होतो. म्हणून हे लिहितोय.

मित्रांनो, त्या पाटीचा अर्थ त्या रात्री एकानेही विचारला नाही. अ‍ॅन्टिव्हायरसची सर्व्हिस अ‍ॅडमिनलासुद्धा बंद करता येऊ नये, अशी सोय मुद्दाम केलेली असते. विंडोज ८.१ पासून तर अशा सर्व्हिसला सिस्टिमच संरक्षण देते. कारण सरळ आहे. अ‍ॅडमिनच्या हक्काने चालणारा कोणताही प्रोग्रॅम तिला बंद करू शकला, तर व्हायरस आल्या आल्या पहिलं तेच करेल. तुम्हाला ती नकोच असेल तर त्या अ‍ॅन्टिव्हायरसच्या स्वतःच्या सेटिंगमधून बंद करा, नाहीतर रीतसर अनइन्स्टॉल करा. दोन मिनिटांचं काम.

आणि गंमत पुढेच आहे. फॉरमॅटनंतर पार्टनरने जुनेच सगळे प्रोग्रॅम परत टाकले आणि मशीन परत तसंच रेंगाळू लागलं. मग कुठे आम्ही टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप टॅब उघडला. गेमचा लाँचर, चॅट, कसले कसले अपडेटर, डझनभर मंडळी रांगेत उभी! तिघांपुढे तर इम्पॅक्ट 'हाय' असं स्वच्छ लिहिलेलं. राइट क्लिक, डिसेबल, कुणी अडवलं नाही. अ‍ॅन्टिव्हायरस बिचारा फुकट बदनाम झाला.

दुसरा किस्सा माझाच. माझ्याकडे दोन विंडोज आहेत, बूट मेनूची वेळ कमी करायची होती. कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिट लिहिलं तर उत्तर आलं की बूटची माहिती उघडता येत नाही, अ‍ॅक्सेस डिनाइड. अरे, अ‍ॅडमिन तर मीच आहे! पण व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोज अ‍ॅडमिनला दोन किल्ल्या देते. रोज गळ्यात असते ती साधी. खरी किल्ली ड्रॉवरमध्ये, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हटल्यावरच बाहेर येते. रेक्टर सर मेसमध्ये जेवायला येतात तेव्हा ऑफिसच्या कपाटाच्या किल्ल्या घेऊन येतात का? तसंच. तेव्हा यूएसी कायमचं बंद करणं म्हणजे ते कपाट रात्रंदिवस उघडं टाकणं. (बूटला हात लावण्याआधी बीसीडीएडिटचं एक्स्पोर्ट करून ठेवा आणि बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती नेमकी नको त्या वेळी विचारली जाते.)

रजिस्ट्रीतही असाच भेद आहे. 'करंट यूजर'खालची रनची यादी म्हणजे तुमच्या खोलीच्या दारावरचा कागद, काय हवं ते लिहा, खोडा. 'लोकल मशीन'खालची यादी म्हणजे होस्टेलचा नोटीस बोर्ड. तिथे साध्या खात्याने खाडाखोड करता येत नाही, आणि येऊही नये.

पण नकार म्हणजे नेहमी भल्यासाठीच, असंही मी म्हणणार नाही. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या कॉन्फिकरने रजिस्ट्रीतल्या स्वतःच्या नोंदीच्या परमिशन अशा बदलल्या होत्या की अ‍ॅडमिनलाच ती काढता येईना. आधी परमिशन परत घ्यायच्या, मग नोंद पुसायची. म्हणजे तीच पाटी कधी वॉचमन लावतो, कधी चोर. कुणी लावली हे शोधायचं काम इंजिनिअरचं, आणि ते आपण फॉरमॅट मारून टाळतो.

आता थोडं स्टाफबद्दल, सरांनी राग मानू नये. लॅबच्या मशीनवर सेटिंग बदललं तरी ग्रुप पॉलिसी साधारण दीड-दोन तासांत ते पुन्हा पूर्ववत करते. करू दे, साठ जणांची लॅब आहे, हवंच ते. पण विचारायला गेलो की उत्तर एकच, "हात लावू नका." का लावू नका, हे चार वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला आम्ही अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्टवर सात मार्कांचं उत्तर घोकून लिहितो, आणि तीच लिस्ट स्क्रीनवर आली की ओळखत नाही. तो दोष एकट्या पोरांचा नाही.

लॅबमध्ये खिडकीपाशी एक जुनं मशीन पडून आहे, त्याच्यावर हल्ली प्रॅक्टिकलची जर्नलं ठेवतात. ते नेटवर्कमधून काढून, अ‍ॅडमिन पासवर्ड वर चिकटवून, आमच्या हवाली करा. मोडलं तर आम्हीच परत उभं करू. अर्ज लिहून तयार आहे, विंगमधल्या एकवीस जणांनी सह्या केल्यात. पहिली सही पार्टनरची आहे.