मडगार्ड कुठंय?

जुलैमधला कुठलाही दिवस घ्या. कर्वे रोडवरून सायकलने कॉलेजला येणारा एक तरी मुलगा असा दिसतो, की पुढून एकदम टकाटक आणि मागून कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ. सायकल बघावी तर बारा हजारांची. जाड खाचांचे टायर, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. मडगार्ड मात्र नाही! दोन वर्षांपूर्वी तो मुलगा मीच होतो.

पुढचं तुम्हाला माहितीये. सायकल बाल्कनीत जाते, तिच्यावर टॉवेल वाळायला लागतात आणि घरात गाडीचा विषय निघतो. ‘सायकल काय रोज चालवायची गोष्ट आहे का?’ असं आईबाबा म्हणतात आणि आपल्यालाही ते पटतं. मला वाटतं, गडबड दुकानातच झालेली असते. आपण डोंगरावर न्यायची सायकल घेतो आणि जायचं असतं कोथरूडहून डेक्कनला. लॅपटॉप, डबा आणि पाऊस सोबत घेऊन.

या कामाला लागतात दोन्ही चाकांना मडगार्ड, मागे कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, पुढेमागे लाइट, घंटी आणि कुलूप. जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलला लाइट, रिफ्लेक्टर आणि घंटी कायद्यानेच लागते. नेदरलँड्समध्ये रोजच्या सायकलला मडगार्ड, कॅरिअर सगळं बसवलेलंच असतं. आणि लांब कशाला जायचं? आजोबांची काळी सायकल आठवा. डायनामोसकट सगळं होतं तिला. पुणे सायकलींचं शहर म्हणवत होतं, ते तसल्याच सायकलींच्या जिवावर. आपण त्यांना ‘दूधवाल्याची सायकल’ म्हणून हसतो.

‘आत्ता घेऊ, बाकीचं नंतर बसवू’ हा विचार मीही केला होता. दोन-अडीच हजारांत सगळं होईल, असा हिशोब होता. पण माझ्या सायकलच्या फ्रेमला कॅरिअरचे स्क्रू बसवायला भोकंच नव्हती. मग सीटखालच्या नळीला आवळून बसवायचं कॅरिअर घेतलं. आठवड्याभरात ते एका बाजूला फिरलं आणि डब्यातली आमटी जर्नलवर. म्हणून घेण्याआधी खाली वाकून बघा. मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखाली फ्रेमला स्क्रूची भोकं हवीत, आणि टायर व फ्रेमच्या मध्ये मडगार्ड मावेल एवढी जागा हवी. नसेल तर रंग कितीही भारी असो, पुढची सायकल बघा.

शॉकअपचा मोह सोडा. स्वस्तातला शॉकअप वजन वाढवतो आणि पॅडलला लावलेला जोरही खातो. गिअर मागे सात असले तरी पुलांचे चढ निघतात. टायर मध्यम जाडीचा आणि कमी खाचांचा घ्या, डांबरावर हलका पळतो. चेनकव्हर जीन्ससाठी हवंच. सलवार-ओढणीवाल्यांनी मागच्या चाकाला जाळीही आहे का बघावं. आणि मुलांनो, ‘लेडीज’ फ्रेमला नाक मुरडू नका. कॅरिअरवर सॅक बांधलेली असताना मागून टांग टाकून बघा एकदा, मग कळेल. तशी फ्रेम मलाही आधी लाजिरवाणी वाटायची.

अशी सायकल कट्ट्यावर भाव खाणार नाही, हे खरंय. सेल्फीतही साधीच दिसते. पण पाठीवरची सॅक कॅरिअरवर गेली की शर्ट कोरडा राहतो, आणि संध्याकाळच्या क्लासहून येताना लाइट असल्यामुळे मागची बस तुम्हाला बघते. लाइट नसताना ती किती जवळून जाते, ते मी अनुभवलंय.

टेस्ट राइडला मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. रोजची भरलेली सॅक न्या, जुन्या ट्यूबच्या पट्टीने कॅरिअरला बांधा आणि एक चक्कर मारून या. दुकानदार हसेल. हसू दे.