पडदा केवढा, अक्षर केवढे?

बारावीचे निकाल लागले, की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत घराघरांत एक नवा खर्च उभा राहतो : लॅपटॉप. दुकानात 'फुल एचडी', 'फोर-के' असे शब्द कानावर पडतात. आकडा जितका मोठा तितका पडदा डोळ्यांना चांगला, अशी समजूत करून घेऊन आपण जास्तीचे पैसे मोजतो. काही महिन्यांनी त्याच घरातले कोणीतरी मान आखडली, डोके जड झाले, डोळे चुरचुरतात अशी तक्रार घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात येते. पडदा तर महागाचा आहे; मग बिघडते कुठे?

रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावरील ठिपक्यांची संख्या. 'फुल एचडी' पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. मात्र डोळ्याला ठिपक्यांची संख्या कळत नाही, दोन ठिपक्यांतले अंतर कळते. ६/६ नजर असलेला डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखतो. पडदा ५० सेंटिमीटरवर असेल, तर हा फरक साधारण ०.१५ मिलिमीटर भरतो. चौदा इंची फुल एचडी लॅपटॉपवर एक ठिपका ०.१६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे डोळ्याच्या क्षमतेच्या जवळपास काठावर. त्याच आकारात फोर-के घेतला तर ठिपका ०.०८ मिलिमीटरचा होतो. एवढ्या अंतरावरून हा जास्तीचा बारकावा बहुतेकांना दिसतच नाही. बॅटरी मात्र लवकर संपते. उलट, जुन्या १३६६ बाय ७६८ च्या चौदा इंची पडद्यावर ठिपका ०.२३ मिलिमीटरचा असतो आणि अक्षरांच्या कडा खरोखरच खरबरीत दिसतात. तेव्हा लॅपटॉपला फुल एचडी ही किमान पायरी धरावी. त्यापुढचा खर्च छायाचित्रे किंवा चलचित्रांचे काम करणाऱ्यांनी करावा.

दुसरा मुद्दा पडद्याच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा. पूर्वीचे संगणक ४:३ प्रमाणाचे, जरा चौकोनी असत. पुढे दूरचित्रवाणीचे १६:९ प्रमाण लॅपटॉपवरही आले, कारण एकाच मापाचे पडदे बनवणे कारखान्यांना स्वस्त पडते. चित्रपटासाठी ते उत्तमच. पण आपण पानावरचा मजकूर वरून खाली वाचतो आणि १६:९ मध्ये नेमकी उंचीच कमी पडते. चौदा इंची १६:९ पडदा साडेसतरा सेंटिमीटर उंच असतो, तर १६:१० चा जवळपास एकोणीस. हा दीड सेंटिमीटर किरकोळ वाटेल; पण १०८० ऐवजी १२०० ओळी म्हणजे अकरा टक्के जास्त मजकूर एका नजरेत येतो. अभ्यास, हिशेब किंवा लिखाण हे मुख्य काम असेल, तर १६:१० किंवा ३:२ प्रमाण निवडावे.

मराठी वाचणाऱ्यांसाठी ही उंची आणखी महत्त्वाची. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि अक्षराच्या खाली उकार बसतो. या सगळ्यांना जागा द्यावी लागत असल्याने त्याच मापाच्या टंकात मराठी अक्षराचा मुख्य भाग इंग्रजीपेक्षा लहान पडतो. बारीक अक्षरांत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'द्य' आणि 'द्ध' ओळखायला नजर ताणावी लागते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे; सरकारी कारभाराची भाषा मराठी आहे. म्हणजे नगरपालिका, तहसील, शाळा आणि रुग्णालयांत दिवसभर पडद्यावर मराठी वाचणारी मोठी संख्या आहे, आणि त्यांतले बरेच जण चाळिशी ओलांडलेले.

उपाय फुकटचा आहे. संगणकाच्या सेटिंगमध्ये 'स्केल' हा पर्याय असतो. तो १२५ किंवा १५० टक्के करावा. पडदा ६० सेंटिमीटरवर असताना मात्रा-उकार सोडून अक्षराची उंची तीन ते साडेतीन मिलिमीटर असावी. पट्टी लावून मोजता येते. रिझोल्यूशन कमी करून अक्षर मोठे करू नये. त्याने ते पुसट होते.

आता मानेकडे येऊ. डोंबिवलीहून सकाळची जलद लोकल पकडणाऱ्याने हलका, तेरा-चौदा इंची लॅपटॉप घेणे शहाणपणाचेच आहे. अडचण घरी सुरू होते. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्याने हात योग्य जागी असले की मान खाली जाते. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो. मान जितकी पुढे झुकेल तितका मानेच्या स्नायूंवरचा भार वाढतो. जेवणाच्या टेबलावर किंवा पलंगावर रोज आठ तास असे बसले, तर दुखणे आश्चर्याचे नाही. म्हणून लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवावा आणि वेगळा कळफलक जोडावा. जमल्यास चोवीस इंची मॉनिटर घ्यावा. तो साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो आणि दोन खोल्यांच्या घरातल्या टेबलावरही मावतो. त्याहून फार रुंद पडदा अरुंद टेबलावर घेतला, तर आपण त्याच्या जवळ बसतो आणि मान सतत डावी-उजवी फिरत राहते.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. नजर थोडी खाली असली की पापणी डोळ्याचा जास्त भाग झाकते आणि डोळे कमी कोरडे पडतात. 'प्रोग्रेसिव्ह' चष्मा वापरणाऱ्यांनी मॉनिटर आणखी खाली घ्यावा. नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी उचलली जाते. अशांना पडद्याच्या अंतराचा स्वतंत्र चष्मा बरेचदा जास्त सोयीचा ठरतो.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांबद्दल सतत विचारणा होते. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. पडद्यामुळे येणारा डोळ्यांचा ताण या भिंगांनी कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. ते पैसे कळफलकावर खर्चावेत. पडद्यापुढे आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. मुलांना रोज उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळू द्यावे. लघुदृष्टी रोखण्यात याचा वाटा मोठा आहे.

मात्र हे सारे कर्मचाऱ्यांच्या माथी मारून चालणार नाही. घरून काम करून घेणाऱ्या कंपन्यांनी लॅपटॉपबरोबर कळफलक आणि मॉनिटरही द्यावा. आपल्या पट्ट्यातील महापालिका आणि सरकारी कार्यालयांनी संगणक खरेदीच्या निविदेत केवळ इंच न लिहिता पडद्याची उंची, ठिपक्यांची संख्या आणि खाली-वर करता येणारा स्टँड या अटी घालाव्यात. वाचायला त्रास होणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातून जन्मदाखल्यातले नाव किंवा औषधाच्या मात्रेतला दशांशचिन्हाचा ठिपका चुकला, तर त्याची किंमत खिडकीबाहेर रांगेत उभा असलेला नागरिक मोजतो.

हातात मुंग्या किंवा अशक्तपणा, झोपेतून उठवणारी डोकेदुखी, एकाच डोळ्यात वेदना किंवा अचानक अंधुक दिसणे, यांपैकी काही असेल तर पडद्याला दोष देत बसू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. चाळिशीनंतर डोळ्यांची तपासणी नियमित व्हावी. बाकीच्यांनी आज संध्याकाळी एक पट्टी घेऊन पडद्यावरचे अक्षर मोजावे आणि ते लहान भरले तर मोठे करावे.