जुनें द्राक्षमद्य : मुरलें कीं उतरलें ?

मद्य जितकें जुनें तितकें चांगलें, असा समज आमच्या वसई-विरारच्या वाडीवाल्या बागायतदारांतहि रूढ आहे. नाताळासाठीं घरीं घातलेली वाइन दोन-तीन वर्षें कपाटांत राहिली म्हणजे तिचें मोल वाढलें, असें कित्येकांस वाटतें. आणि आधार म्हणून बोर्दोच्या क्लॅरेटचें नांव घेतलें जातें. आमच्या मतें हा समज बोर्दोसहि अर्धाच लागू आहे. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो खरा, पण जुन्या पिठाची भाकरी कोणी मागत नाहीं.

क्लॅरेट म्हणजे फ्रान्सांतील बोर्दोची तांबडी वाइन; मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों व मर्लो या द्राक्षांची. १९४५ किंवा १९६१ सारख्या मोजक्या सालांचा उत्तम माल अनेक दशकें टिकला. बाकीचा बराचसा माल थोड्याच वर्षांत पिऊन टाकावयाचा असतो. टिकतो तो सालीबियांतून उतरलेल्या तुरटपणामुळें, पुरेशा आंबटपणामुळें आणि थंड, अंधाऱ्या तळघरामुळें. तुरट द्रव्यें हळूहळू एकमेकांस चिकटून जड होतात व गाळ होऊन तळाशीं बसतात. म्हणून जुनी बाटली एक दिवस उभी ठेवून, गाळ न हलवितां ओततात.

परीक्षेसाठीं पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. कडेचा रंग जांभळट असेल तर वाइन कोंवळी. विटेसारखा असेल तर मुरलेली. सगळीच तपकिरी दिसली तर बहुधा तिचे दिवस संपले. ताज्या फळाचा वास जाऊन वाळल्या पानांचा किंवा तंबाखूचा वास आला, तर तो दोष नव्हे. शिरक्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र दोषच. जिभेवर तुरटपणा मऊ लागला पाहिजे; पण त्याबरोबर फळाची चवहि गेली असेल, तर उशीर झाला असें समजावें.

आतां आपलेकडे पाहूं. नाशिककडे वेल हिवाळ्यांत झोंपत नाहीं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाच्या अखेरीस गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्यें तोडणी. ऊन वाढत असतां फळ पिकतें, तेव्हां साखर चढते आणि आंबटपणा झपाट्यानें उतरतो. २००१ सालच्या सरकारी धोरणानंतर तेथें हा धंदा वाढला; कांहीं तांबडी वाइन लाकडी पिंपांत मुरवूनहि निघते. परंतु तिनें क्लॅरेटप्रमाणें वीस-वीस वर्षें टिकावें ही अपेक्षा त्या मालावर अन्याय करणारी आहे.

वसईंत तर तळघरच नाहीं. क्लॅरेटला १२ ते १५ अंशांची हवा मानवते; आमच्या घरांत उन्हाळ्यांत पारा ३० च्या वर असतो. अशा उष्म्यांत वाइन मुरत नाहीं, शिजते. घरची वाइन वर्षाच्या आंत संपवावी, हेंच आम्ही सांगूं.

घोलवडच्या चिकूची किंवा बहाडोलीच्या जांभळाची वाइन करून विकूं पाहणाऱ्यांनीं परवान्याबरोबर हाहि हिशेब करावा. चिकूंत आंबटपणा अगदीं थोडा. ती वाइन ताजीच विकावी, जुनेपणाच्या आशेनें भांडवल अडकवूं नये. जांभळांत तुरटपणा आहे, म्हणून तिच्या डझनभर बाटल्या थंड खोलींत आडव्या ठेवाव्या, दर सहा महिन्यांनीं एक फोडावी, आणि रंग, वास व चव तारखेसह वहींत टिपून ठेवावी.