काठी मिळते, आठवणीला आधार मिळत नाही!

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर येथे आम्ही एका घरी गेलो, तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. आत पंच्याहत्तरी ओलांडलेली माय बसलेली. जन्मभर दुसऱ्याच्या रानात हळद काढली, खुरपण केले, त्या मजुरीवर लेकरे शिकवली. आता तिला सकाळ की संध्याकाळ हे उमगत नाही. 'जयभीम' म्हटले की हात मात्र आपसूक जोडले जातात. लेक म्हणाला, "वकीलसाहेब, माय घराबाहेर पडती अन् दिसंल त्या एस.टी.त बसती. कामाला जावं का मायला राखावं, तुम्हीच सांगा."

७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. योजना चांगलीच आहे. पण उतरायचे कुठे हेच जिला आठवत नाही, ती हिंगोलीला उतरेल की नांदेडला, हे कोण सांगणार? म्हणून ही कडी! लेक दुष्ट नाही. कडीखेरीज दुसरे साधन त्याच्या हाती कोणी दिलेलेच नाही. आमचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

'म्हातारपणी असं होतंच' असे म्हणून आपण ज्याच्यावर पांघरूण घालतो, तो मेंदूचा आजार आहे. त्याचे नाव स्मृतिभ्रंश. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या आजाराने ग्रासलेली आहेत. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने तर अपुरे शिक्षण हा या आजाराचा धोका वाढविणारा एक घटक असल्याचे पुन्हा नोंदविले. खेडे, बाई आणि निरक्षरता! हे आकडे कोणत्या वस्तीकडे बोट दाखवितात, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ज्यांच्या हाती पाटी येऊ दिली नाही, त्यांच्याच आठवणी आता पुसल्या जात आहेत.

यावर पूर्ण बरे करणारे औषध आज नाही. पण माणसाला आपल्या घरात, आपल्या पायांवर जास्त दिवस जगता यावे, यासाठी साधने आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ५० अत्यावश्यक सहाय्यक साधनांची यादी जाहीर केली. त्यात चाकाची खुर्ची आणि श्रवणयंत्र आहे, तसेच गोळ्यांची कप्प्यांची डबी, सोपा मोबाईल, ठावठिकाणा सांगणारे जीपीएस यंत्र, पडल्याची खबर देणारे यंत्र आणि संकटाची घंटासुद्धा आहे. ही श्रीमंतांची खेळणी नव्हेत. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत वरळीचा एक १२ वर्षांचा विशेष मुलगा हरवला आणि कुलाब्याला सापडला. त्याच्या गळ्यात क्यूआर कोडचे लॉकेट होते. पोलिसांनी ते मोबाईलवर स्कॅन केले आणि काही तासांत मुलगा घरी पोहोचला. हेच लॉकेट शिरड शहापूरच्या मायच्या गळ्यात का नसावे?

इथे एक गोष्ट शहरी तज्ज्ञांना सांगितली पाहिजे. 'कपाटावर चिठ्ठ्या लावा, वहीत लिहून ठेवा' हा सल्ला आमच्या मायच्या काय कामाचा? तिला वाचताच येत नाही. तिला हवा आहे वेळेवर नातीच्या आवाजात 'आजी, गोळी घे' म्हणणारा मोबाईल. तिला हवा आहे लेकाच्या फोटोवर बोट ठेवताच लेकाला लागणारा फोन. साधन वापरणाऱ्याला पाहून निवडावे लागते.

आता शासनाकडे पाहू. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची. त्यात काठी, कुबडी, वॉकर, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि चाकाची खुर्ची मिळते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. त्यात ६५ वर्षांवरील गरजूंना साधनांसाठी एकवेळ ३००० रुपये देण्याचे ठरले. तिथेही चष्मा, वॉकर, कंबरेचा पट्टा यांचीच नावे पुढे येतात. डोळा, कान, दात, गुडघा शासनाला दिसतो. आठवण दिसत नाही!

कायद्याला मात्र ती दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत स्मृतिभ्रंशाचे नाव स्वतंत्रपणे नाही, हे खरे. पण मानसिक आजाराच्या व्याख्येत 'स्मृती' हा शब्द स्पष्ट आहे. मानसिक अपंगत्व मोजण्याच्या २००२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही स्मृतिभ्रंश नावानिशी होता. म्हणजे दार उघडे आहे. पण 'वेडाचा दाखला' नको म्हणून घरचे जात नाहीत आणि गेले तर त्यांना हेलपाटे घालावे लागतात. या अधिनियमाचे कलम २४ सहाय्यक साधनांबाबत शासनावर जबाबदारी टाकते. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत लोकसहाय्य देण्याचे तत्त्व लिहिलेलेच आहे. मग ही भीक कशी?

एक इशारा आम्ही घरच्यांनाही देऊ. यंत्र म्हणजे नवी बेडी नव्हे. आजार कोवळा असतानाच मायला विचारा, समजावून सांगा, तिच्या संमतीने ते गळ्यात घाला. आजारी पडली म्हणून तिचे माणूसपण संपत नाही. कलम १३ तिची कायदेशीर क्षमता मान्य करते, आणि कलम १४ चे मर्यादित पालकत्वही तिच्याशी विचारविनिमय करूनच चालवायचे असते. अंगठा घेऊन जमीन नावावर करणाऱ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे.

आमची मागणी साधी आहे. दोन्ही वयोश्री योजनांत स्मृतीला आधार देणारी साधने नावानिशी घाला. जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि दाखला एकाच दिवशी मिळू द्या. निरक्षरांची तपासणी लिहिण्या-वाचण्यावर बेतू नका. दाखला नाकारला तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईनही आहे.

आणि शासन जागे होईपर्यंत? गावोगावच्या विहारात रविवारी जमणाऱ्या तरुणांनो, तुमच्या हातात मोबाईल आहे. वस्तीतल्या एकेका म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर फोटो लावा, नातवंडांचा आवाज भरून द्या, गळ्यात घरच्यांच्या नंबराचे लॉकेट घाला. एस.टी.च्या वाहकाला आणि बसस्थानकावरच्या चहावाल्याला त्यांची ओळख करून द्या. याला तासभर पुरतो.

ज्या मायने खुरपे धरून आपल्याला शाळेत धाडले, तिला आपण कडीमागे ठेवणार आहोत काय? तिची आठवण गेली असेल. आपली तर शाबूत आहे ना!