दुबईच्या बागेत सावली हवी

आपल्या बेटावरून नोकरीस दुबईला गेलेल्या मुलांकडे आता आजी-आजोबाही नातवंडे पाहायला जातात. जुमेरा लेक टॉवर्समध्ये बिऱ्हाड असेल, तर उंच इमारतींच्या मधोमध तळी आणि मोठी बाग मिळते. तळी माणसांनी बांधलेली, हिरवळही पाणी घालून जगवलेली. तिकीट मात्र नाही. संध्याकाळी खुशाल फिरावे.

पण जुलै आपल्याकडे थंडीचा, तिकडे पारा ४० अंशांच्या वर! १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ या वेळेत मजुरांना उन्हात राबवण्यास तेथे सरकारची बंदी आहे. मग त्याच वेळी बाबागाडी घेऊन निघण्याचा हट्ट कशाला?

आमच्या मते अशा बागांत हिरवळीपेक्षा सावली हवी. अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष 'गाफ' म्हणजे आपली शमीच. दसऱ्याला पुजतो, गणपतीच्या पत्रीत वाहतो, तीच. तिची मुळे फार खोल जातात, म्हणून थोड्या पाण्यावर ती वाळवंटातही तग धरते. बाकांशेजारी ती भरपूर लावली, तर हिरवळीला पाणी घालणाऱ्या माळ्यालाही घटकाभर टेकता येईल.